दादाच्या खोलीतला कागद

चुना लावणारा माणूस सकाळीच उत्रोलीहून आला. ओसरीवर टेकला, तांब्याभर पाणी प्याला आणि कोणत्या खोलीचं काम आहे म्हणून त्याने विचारलं. वडिलांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. तो उठला, दारापर्यंत गेला आणि उंबरठ्याबाहेरच थांबला. खोली रिकामी होती. खाट परसात उन्हात नेऊन ठेवलेली होती. भिंतींवर मात्र वरपासून खालपर्यंत छापील कागद चिकटवलेला होता. भोरमध्ये आमच्यासारख्या कारकुनाच्या घरात असा कागद दुसरीकडे कुठे नव्हता. त्यावरूनच त्याने ओळखलं असावं.

“हितं तुमचं थोरलं चिरंजीव व्हतं का?”

वडील हो म्हणाले.

“मग रावसाहेब, मला न्हाई जमायचं. घरी ल्हान लेकरं हाईत माजी. वसरी सांगा, परस सांगा, लावून देतो. पर त्या खोलीत म्या पाय न्हाई ठिवायचा.”

वडिलांनी आग्रह केला नाही. त्या माणसाने आणलेला कळीचा चुना आणि कुंचा ओसरीच्या कोपऱ्यात ठेवला, चुना रात्रभर भिजू द्या असं सांगितलं आणि तो निघून गेला. जाताना त्याने आईला हात जोडले. आई चौकटीला टेकून उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, आत भिंतीकडे बघत होती.

दादाला जाऊन तेव्हा अडीच-तीन महिने झाले असतील. तो माघात गेला आणि हे वैशाखातलं सांगते आहे. आजाराचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. छातीचं दुखणं म्हणत. गल्लीत मात्र सगळ्यांना नाव माहीत होतं. दुधाचा रतीब घालणारी बाई दूध बाहेरच ओतून जायची, आणि चैत्राच्या हळदीकुंकवाचं बोलावणं त्या वर्षी आम्हाला एकाही घरून आलं नाही.

दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलायचे. दादा गेल्यावर आठवड्याभराने ते घरी आले आणि ओसरीवरच उभं राहून त्यांनी वडिलांना सांगितलं, “त्याचे कपडे, अंथरूण, सगळं जाळा. खोलीतला तो कागद काढून टाका, आणि भिंतींना चुन्याचे दोन हात द्या. पावसाच्या आत. घरात लहान मूल आहे.”

लहान मूल म्हणजे दादाचा मुलगा. तो तेव्हा सव्वा वर्षाचा होता. कपडे आणि अंथरूण जाळलं गेलं. कागद तसाच राहिला.

त्या कागदाची हकिगत सांगितली पाहिजे. दादा पुण्याला लष्कर भागातल्या एका दुकानात नोकरीला होता. साहेब लोकांच्या बंगल्यांना लागणारे पडदे, सतरंज्या आणि भिंतीला लावायचा विलायती कागद तिथे मिळत असे. उरलेले, तुटके रोल मालक कधीमधी नोकरांना देऊन टाकायचा. दादाच्या लग्नानंतरची पहिली दिवाळी होती. पुण्याहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या टपावर त्याने दोरीने बांधून कागदाच्या गुंडाळ्या आणल्या. वहिनी तेव्हा नवी नवरी होती, माझ्याहून तीन-चार वर्षांनीच मोठी. तिने मोठ्या पातेल्यात कणकेची खळ शिजवली, किडे लागू नयेत म्हणून त्यात मोरचूद घातलं. दादा शिडीवर, वहिनी खालून कागदाचं टोक धरून उभी, आणि मी खळ फासायला. आई स्वयंपाकघरातून येऊन येऊन बघायची आणि हसायची. “भिंतींना साड्या नेसवताय की काय रे!” म्हणायची.

कागद निळा होता. त्यावर वेली आणि लांब शेपटीचे पक्षी. ते पक्षी कोणते, यावर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाने मत दिलं. नीरेवरचा खंड्या म्हणावं तर चोच आखूड, मोर म्हणावं तर तुरा नाही. तीन भिंती झाल्यावर निळा कागद संपला. चौथ्या भिंतीला दादाने दुसरा लावला, बदामी रंगावर तपकिरी उभे पट्टे. पट्टे लागल्यावर कळलं की ती भिंत एका बाजूला कललेली आहे. वडील म्हणाले, “इतकी वर्षं या घरात राहतोय, पण भिंत वाकडी आहे हे आज कळलं.” सगळे खूप हसलो. गल्लीतल्या बायका मुद्दाम खोली बघायला आल्या होत्या.

दोन वर्षांनी दादा पुण्याहून आला तो खोकत आला. नोकरी सुटली. मूल झालं तेव्हा त्याला उठून पाळण्यापर्यंत जाणं जड जायला लागलं होतं. त्याला आडवं झालं की श्वास पुरत नसे, म्हणून पट्ट्यांच्या भिंतीला खाट लावली होती. तिथे तो पाठीशी लोड घेऊन दिवसरात्र बसून असायचा, डोकं भिंतीला टेकून. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींना ओल यायची, कागद फुगायचा. हाताशी आलेला फुगवटा तो अंगठ्याने दाबत बसायचा. दाबला की खळीचा कुबट वास यायचा. वहिनी रोज त्याच्या डोक्याला आवळ्याचं तेल लावायची. त्याने सांगितलं होतं, तेवढं एक बरं वाटतं म्हणून.

त्या तेलाचा डाग भिंतीवर पडला. डोकं टेकायचं तिथे, नेमका डोक्याएवढा. वर गोल, खाली मानेशी अरुंद.

दादा गेल्यावर आई रोज दुपारी त्या खोलीत जाऊन बसायची. आधी आम्हाला कळलं नाही. एकदा मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर ती जमिनीवर बसून हात वर करून त्या डागावर ठेवून होती, जसा ताप बघताना कपाळावर ठेवतात तसा. मी तांब्या ठेवला आणि परत आले. पुढे पुढे ती रात्रीही तिथेच चटई टाकून झोपायला लागली.

चुनेवाला परत गेला त्या दिवशी वडील कचेरीत जायला निघाले तेव्हा वहिनी दारात उभी राहिली. सासऱ्यांशी ती समोर उभी राहून कधी बोलत नसे.

“मामंजी, कागद मी काढते. वन्सं मदतीला येतील.”

वडील चपला घालता घालता थांबले. “उद्या दुसरा कुणी माणूस बघतो.”

“दुसराही हेच सांगेल. काल बाळ भिंतीला धरून उभं होतं. सुटलेल्या कागदाचा तुकडा ओढून तोंडात घातलान त्यानं. मी बोट घालून काढला.”

वडिलांनी आईकडे पाहिलं.  मग ते म्हणाले, “नाकातोंडाला फडकं बांधा दोघी,” आणि गेले.

आम्ही परसात चूल मांडून पाणी तापवलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला. पाणी जुन्या लुगड्याच्या बोळ्याने भिंतीवर मारायचं, कागद भिजू द्यायचा, मग उलथन्याने खालून वर खरवडत जायचं. कोरडा खरवडू नका, धूळ उडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पहिल्या भिंतीचा कागद सोपा निघाला. ओलीने तो अर्धा सुटलेलाच होता. लांबच्या लांब पट्टी हातात आली की वहिनी ती दुमडून सुपात ठेवायची, त्यावर पाणी शिंपडायची. दुसऱ्या भिंतीला त्रास झाला. तिथे दादाने खळ जाड लावली होती आणि कागदाबरोबर गिलाव्याचे पोपडे यायला लागले. आमचे हात सोड्याने सोलवटले. फडक्याखाली श्वास कोंडायचा. वैशाखाचं ऊन, त्यात उकळतं पाणी आणि ओल्या कागदाचा तो वास.

वहिनी कामात फारशी बोलत नव्हती. एकदाच, एक पक्षी अर्धा निघाला आणि अर्धा भिंतीवर राहिला तेव्हा ती थांबली. म्हणाली, “हा मी उलटा लावला होता, आठवतं का वन्सं? पाय वर, डोकं खाली. ह्यांनी पाहिला आणि तसाच राहू दे म्हणाले.” मी पाहिलं तर खरंच त्याचे पाय वर होते. तिने तो खरवडला आणि पुढे गेली.

तीन भिंती व्हायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी आम्ही गरम पाणी घेऊन आत गेलो तर आई पट्ट्यांच्या भिंतीला पाठ लावून बसली होती, डाग आपल्या डोक्यामागे घेऊन.

“बाकीचं काढा,” ती म्हणाली. “एवढं राहू दे.”

वहिनी बादली खाली ठेवून तिच्यासमोर बसली. “आई, डॉक्टरांनी सगळं काढायला सांगितलंय.”

“डॉक्टरांचं कोण गेलंय?”

संध्याकाळी वडील आले. त्यांनी ओसरीवरच सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, वहिनीला सांग, हातभर जागा राहिली तर काय बिघडणार आहे, वरून चुना मारता येईल. मी आत जाऊन सांगितलं. वहिनी भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. “चुना तेलावर धरत नाही,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वडील कचेरीत गेल्यावर तिने बाळाला माझ्याकडून घेतलं, झोळीत झोपवलं आणि ती खोलीत गेली. आई कालच्याच जागी होती.

“आई, मी काढणार आहे,” वहिनी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “तुम्ही नसताना काढता आला असता. काल तुम्ही नदीवर गेला होतात. तसं मला करायचं नाही. तुम्ही इथे बसा, नाहीतर बाहेर जा. पण मी आज काढणार.”

“तुला त्याचं काही ठेवायचंच नाही,” आई म्हणाली. “अंथरूण जाळलंस, कपडे जाळलेस. कुंकू पुसलं तसं सगळंच पुसून मोकळी व्हायला निघालीस.”

 मला वाटलं ती निघून जाईल. पण ती आईसमोर खाली बसली. मग म्हणाली, “मला बाळ ठेवायचंय.”

 आई हाताने भिंतीचा आधार घेऊन उठली आणि समोरच्या कोपऱ्यात, आम्ही खरवडून मोकळ्या केलेल्या भिंतीपाशी जाऊन बसली. बाहेर गेली नाही.

बाकीच्या पट्ट्या आधी काढल्या. डाग शेवटी राहिला. वहिनीने भिजवलेला बोळा त्यावर दाबला आणि पाणी ओघळून खाली आलं, आत शिरेचना. तेल प्यायलेला कागद पाणी घेत नव्हता. पुन्हा पाणी, पुन्हा सोडा, तरी तेच. उलथनं घसरत होतं. मग तिने नखांनी सुरुवात केली. कडेने एकेक तुकडा उचकटायचा, फडक्यात घ्यायचा. मी पुढे झाले तर तिने मला हाताने मागे सारलं. तिच्या नखांतून रक्त आलं तेव्हाही ती थांबली नाही. आवळ्याच्या तेलाचा वास खोलीभर पसरला होता. दादा जिवंत असताना त्या खोलीत यायचा तोच वास. कोपऱ्यात आई तोंडाला पदर लावून बसली होती आणि आवाज न करता तिचं सगळं अंग हलत होतं.

दुपार त्यातच गेली. काढून झालं तरी मातीच्या गिलाव्यावर डाग दिसतच होता, तेल आतपर्यंत मुरलं होतं. वहिनीने विळीचं पातं घेतलं आणि गिलावाही खरवडून काढला, खालची वीट दिसेपर्यंत. मग ते सगळं सुपात भरून तिने परसात नेलं आणि पेटवलं. ओला कागद लवकर पेटत नव्हता. धूर सगळ्या गल्लीत गेला. शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्याचे आवाज आले.

चुना आम्ही दोघींनीच मारला. खोली पांढरी, मोठी आणि परकी दिसायला लागली.

त्या दिवसापासून आई वहिनीशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, टोमणा नाही, फक्त शब्द बंद. काही सांगायचं असलं तर मला सांगायची, वहिनी हातभर अंतरावर उभी असली तरी. “तिला सांग, मीठ जास्त पडलंय.” वहिनीही मग मला सांगायची, “आईंना सांगा, तांदूळ संपत आलेत.” मी दोघींच्या मधे निरोप पोचवत फिरायची. त्याच दिवसांत वाईकडच्या एका स्थळाने माझी पत्रिका परत पाठवली. कारण लिहिलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना ते कळलं. वडील जेवताना मान खाली घालून जेवायला लागले.

श्रावणात भोरला गारठा असतो, हवा ओली, कपडे वाळत नाहीत. बाळाला सर्दी झाली होती. वहिनी नदीवर धुणं घेऊन गेली होती आणि बाळ आईजवळ होतं. बाळाच्या बाबतीत आईचा जीव तुटायचा, त्याला ती दिवसभर मांडीवर घेऊन बसायची. वहिनी ओलेती, डोक्यावर पिळे घेऊन परसातून आली आणि तिने बघितलं. आईने बाळाच्या कानांवरून एक मफलर गुंडाळला होता. तपकिरी लोकरीचा, टोकांना गोंडे असलेला. दादाचा. पुण्याला असताना घेतलेला, शेवटच्या हिवाळ्यात रात्रंदिवस त्याच्या गळ्यात असलेला. कपडे जाळले त्या दिवशी आईने तो स्वतःच्या ट्रंकेत ठेवला होता.

वहिनीने पिळे चिखलात टाकले. बाळाला उचललं, मफलर सोडवला. बाळाने त्याचा गोंडा चोखून ओला केला होता. ती ते ओलं टोक हातात धरून बघत राहिली. मग तिने ओरडून आईला विचारलं, “कशासाठी? काय म्हणून केलंत हे?” इतक्या महिन्यांत ती प्रथमच ओरडली.

आई घाबरली होती. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. “कान गार पडले होते त्याचे,” ती म्हणाली. “उबदार दुसरं काही नव्हतं ग. मी उन्हात घातला होता. पुन्हापुन्हा घातला होता.” एवढं ती थेट वहिनीशी बोलली, आणि अबोला सुटला आहे याचं भान दोघींनाही नव्हतं.

वहिनीने बाळाला कढत पाण्याने अंघोळ घातली, मफलर चुलीत घातला आणि आपलं गाठोडं बांधलं. तिचं माहेर हिर्डोशीला, वरंधा घाटाच्या वाटेवर. तिचे वडील तिथे शाळामास्तर होते. माझे वडील संध्याकाळी आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि ते म्हणाले, “पावसात कुठे नेतेस लेकराला? उघडीप होऊ दे.” ती म्हणाली, “मामंजी, मला अडवू नका. इथे मला झोप लागायची नाही.” सकाळी त्या बाजूला परतणारी एक बैलगाडी वडिलांनीच ठरवून दिली. गाडीवर इरल्यांचा आडोसा केला होता. आई बाहेर आलीच नाही. गाडी वळणावर गेल्यावर मी आत आले तर ती रिकाम्या झोळीची दोरी धरून उभी होती.

 त्यानंतर घरात आम्ही तिघंच राहिलो. हिर्डोशीहून पंधरा-वीस दिवसांनी कुणी बाजाराला आलं की निरोप मिळायचा, बाळ बरं आहे, बोलायला लागलं. आई निरोप आणणाऱ्याला पुन्हापुन्हा विचारायची, “खोकत नाही ना?” तो गेला की देवासमोर जाऊन बसायची. ती आता त्या खोलीत जात नसे. एकदा मला म्हणाली, “त्या मफलरमधून त्याला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?”  मी तिच्या शेजारी बसले.

भात कापणीच्या सुमाराला ती एक दिवस सकाळीच पदर नीट करून म्हणाली, “चल, हिर्डोशीला जायचंय. गाडी सांगितली आहे.” वडिलांना आदल्या रात्री तिनेच सांगितलं होतं. मला वाटलं, भांडायला चालली की माफी मागायला?  वाटेत दोन्ही बाजूंना शेतांत बायका वाकून भात कापत होत्या. शेवटचा चढ बैलांना ओढवेना, तो आम्ही उतरून चाललो.

वहिनी अंगणात नाचणीची कणसं वाळत घालत होती. आम्हाला बघून उभी राहिली, हात झटकले, पुढे येऊन आईच्या पाया पडली. बाळ तिच्या मागे साडी धरून उभं होतं. आई ओट्याच्या कडेला बसली. मूल तिच्यापासून चार हातांवर होतं आणि तिने हात पुढे केला नाही.

“मी दवाखान्यात जाऊन आले,” ती वहिनीला म्हणाली. “दिवाळीआधी. कुणाला बोलले नाही. डॉक्टरांना म्हटलं, मी त्या खोलीत झोपत होते, त्या भिंतीला लागून. मला बघा. त्यांनी पाठीला नळी लावून बघितलं, थुंकी पुण्याला पाठवली. काही निघालं नाही.” मग फार हळू म्हणाली, “आता घेऊ का त्याला?”

मलाही यातलं काही माहीत नव्हतं. घरातून बाहेर पाऊल टाकताना चारदा विचारणारी आई एकटी दवाखान्यात पुरुषांच्या रांगेशेजारी कशी उभी राहिली असेल, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मला रडू आलं. वहिनीने बाळाला उचललं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. बाळाने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं, पाठ ताठ करून मागे झुकलं. तो तिला विसरला होता. आईने त्याला लगेच परत दिलं. “असू दे,” ती म्हणाली. “लहान आहे.”

रात्री जेवणं झाल्यावर आईने विषय काढला, घरी कधी येतेस म्हणून. वहिनी म्हणाली, “त्या घरात नाही.”

“घर भाड्याचंच आहे,” आई म्हणाली.

तरी वहिनी लगेच आली नाही. माहेरी ती वडिलांच्या शाळेत लहान मुलांना अक्षरं शिकवायला लागली होती आणि मास्तरणीच्या परीक्षेला बसायचं तिने ठरवलं होतं. आईला ते पसंत नव्हतं, पण ती गप्प राहिली. वडिलांनी उन्हाळ्यात नदीच्या पलीकडे दोन खोल्यांची जागा घेतली, साध्या पांढऱ्या भिंतींची, दोन्हीकडून उजेड येणारी. मग वहिनी आणि बाळ आले. पुढे ती मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली, आणि आईने तिच्या डब्याची पोळी-भाजी वर्षानुवर्षं केली. दोघींमध्ये पूर्वीसारखी माया कधी आली असं मी म्हणणार नाही. बाळाला थंडी वाजली, पांघरूण घालायचं झालं की आई आधी वहिनीला हाक मारायची, “हे घालू का ग?” बाळ शाळेत जायला लागलं तरी विचारायची. वहिनी हो म्हणायची, पण उठून एकदा पांघरूण बघून जायची.

माझं लग्न लांबच्या गावी झालं. तिथे ओळखीच्या एका डॉक्टरांना मी बऱ्याच वर्षांनी हा प्रकार सांगितला. ते म्हणाले, कागद काढला हे चांगलंच केलं, पण खोलीला नुसतं ऊन-वारं मिळालं असतं तरी बहुधा पुरलं असतं. रोग माणसाच्या श्वासातून येतो, भिंतीतून तितका येत नाही. मग तुमच्या वहिनीला कसा झाला नाही, असं उलट त्यांनीच मला विचारलं.

माहेरी गेले तेव्हा मी हे वहिनीच्या कानावर घातलं. ती मुलींच्या वह्या तपासत होती.  “असेल,” ती म्हणाली. “आईंना नका सांगू मात्र.” आई आतच होती, पण आता तिला कमी ऐकू येत होतं. मी सांगितलं नाही.